केळी, कापूस आणि इंटरनेटवरचा फोन

अमळनेरला बसस्टँडजवळ आमचा एसटीडी बूथ होता. काचेचा दरवाजा, आत एक स्टूल आणि भिंतीवर लाल आकडे पळवणारं मीटर. सुरतेला लूमवर गेलेल्या पोरांशी बोलायला आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं यायची. रात्री उशिरा पाव दर लागायचा, म्हणून जेवणं उरकून, अंगावर चादर ओढून ओट्यावर रांग बसायची. ०२६१ एकदाचं लागलं की आतला माणूस आकड्यांवर डोळे लावूनच बोलायचा. पेरणी झाली, म्हैस व्याली, पैसे धाड. बस, ठेव.

आता त्याच जागेत माझं दुकान आहे. ब्रॉडबँडच्या जोडण्या देतो, कॅमेरे बसवतो. नाना, म्हणजे माझे वडील, सकाळी येऊन बाहेर खुर्ची टाकून बसतात. मागच्या महिन्यात बहिणीने सुरतेहून व्हॉट्सॲपवर फोन केला. आईने चुलीवर भाजलेली वांगी दाखवली, तिने तिकडची सोसायटीची गच्ची दाखवली. तास कधी गेला कळलं नाही. नाना बाजूला बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "फुकट कसं परवडस रे त्यास्ले?"

बूथवाल्याचा प्रश्न. आयुष्यभर पल्सचे, म्हणजे मीटरच्या एकेका टप्प्याचे, पैसे मोजलेल्या माणसालाच तो पडणार. मी तेव्हा "अहो, ते डेटावर चालतं" म्हणून वेळ मारून नेली. पण पन्नाशीपुढचं जे गिऱ्हाईक दुकानात येतं, ते फिरून फिरून हेच विचारतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

जुना फोन लागायचा म्हणजे नेमकं काय व्हायचं? अमळनेरहून सुरत फिरवली की मधली सगळी एक्सचेंज मिळून एक सलग वाट फक्त तुमच्यासाठी अडवून ठेवायची. तुम्ही बोला, गप्प बसा, आईला बोलवायला आत जा, ती वाट दुसऱ्या कुणाला मिळायची नाही. आणि माणूस फोनवर निम्मा वेळ तरी ऐकत असतो, म्हणजे त्याच्या बाजूने त्या वाटेवरून काहीच जात नसतं. अख्खी मालगाडी भाड्याने घ्यायची आणि निम्मे डबे रिकामे न्यायचे असा तो मामला. त्यामुळे मिनिटाचे पैसे, अंतराचे पैसे, दिवसाचा दर वेगळा, रात्रीचा वेगळा.

इंटरनेटवर वाट कुणासाठी अडवत नाहीत. तुमच्या आवाजाचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि अनुक्रमांक पडतो आणि ते तुकडे बाकीच्या गर्दीत मिसळून निघतात. त्याच तारेतून कुणाचा सातबारा डाऊनलोड होत असतो, कुणाची रील चाललेली असते, त्याच्या मधल्या फटींतून तुमचं "हॅलो" जातं. या तुकड्याला पॅकेट म्हणतात.

थोडं गणित करू. टेलिफोनच्या दुनियेतली जुनी ठरलेली पद्धत अशी: आवाजाचं मोजमाप सेकंदाला ८००० वेळा घ्यायचं आणि प्रत्येक मोजमाप एका बाइटमध्ये लिहायचं. ही पद्धत १९७२ पासूनची आहे आणि आजही कितीतरी ठिकाणी चालू आहे. इंटरनेटवर पाठवताना साधारण २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा आवाज एका पॅकेटात भरतात. म्हणजे पॅकेटात १६० बाइट आवाज आणि वर पत्ता, अनुक्रमांक वगैरेचे ४० बाइट. तुम्ही अर्ध्या सेकंदात "हॅलो" म्हटलंत की अशी २५ पॅकेटं सुटतात. मिनिटभर बोललात तर एका बाजूने ०.६ एमबी, दोन्ही बाजू धरून १.२ एमबी. या हिशेबाने १ जीबीत तेरा-चौदा तास बोलणं होतं. व्हॉट्सॲपसारखी ॲप आवाज आणखी दाबून भरतात, त्यामुळे खर्च निम्म्यावर येतो. व्हिडिओची गोष्ट वेगळी, तो डेटा भसाभस खातो. पण नुसता आवाज म्हणजे आजच्या रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जात चिमूटभर मीठ.

तर नाना, फुकट काही नाही. पैसे आपण रिचार्जमध्येच देतो. फक्त पैसे वाटेचे देतो, बोलण्याचे वेगळे नाही. आणि वाटेला सुरत काय अन् सौदी काय, सारखंच.

आपल्या साध्या कॉलचे मिनिटाचे पैसे जाण्यामागे आणखी एक कारण होतं. एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर कॉल गेला की पहिली कंपनी दुसरीला मिनिटामागे काही पैसे द्यायची. हा दर पूर्वी १४ पैसे होता, १ ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैसे झाला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. जकात नाकाच उठला म्हणा ना.

आता दुसरा प्रश्न. तो नानांचा नाही, तो रावेरच्या माझ्या मामेभावाचा. केळीचा बाग आहे त्याचा. फोनवर अर्धं वाक्य होतं न होतं तोच ओरडतो, "आवाज कटतोय भो!" सिनेमा तर थांबत-थांबत का होईना पूर्ण दिसतो, मग बोलणंच का तुटतं?

त्याला मी त्याच्याच मालातून समजावलं. आपल्याकडे दोन पिकं: कापूस आणि केळी. कापसाची गाडी जिनिंगला दोन दिवस उशिरा पोचली तरी बिघडत नाही, पण वजन पूर्ण भरलं पाहिजे. एखादा गठ्ठा कमी निघाला तर परत माणूस पाठवून आणतील, तोवर थांबतील. केळीचं उलटं. सावदा-रावेरहून दिल्लीकडे माल निघाला की वेळेत पोचणं हेच सगळं. चार घड कमी पोचले तर चालतात, पण चार दिवस उशिरा पोचलेला माल कोण घेणार?

इंटरनेटवर फाइल, फोटो, बँकेचा व्यवहार हे कापसाच्या रीतीने जातात. हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवलं जातं, सगळी येईपर्यंत काम थांबतं. फोनवरचा आवाज केळीच्या रीतीने जातो. पॅकेट हरवलं तर हरवलं. पुन्हा मागवून ते येईस्तोवर बोलणारा दोन शब्द पुढे गेलेला असतो, मग त्या जुन्या "का"चं काय लोणचं घालायचं? म्हणून ते सोडून देतात. सिनेमा आधीच पुढचा थोडा भाग भरून ठेवू शकतो. पण समोरचा माणूस अजून बोललेलाच नाही, ते आधी कुठून भरणार?

पॅकेटं निघताना ओळीने निघतात, पण वाटेत कुणी पुढे-मागे होतं. म्हणून ऐकणाऱ्याच्या फोनमध्ये एक छोटं आवार असतं, तिथे आलेली पॅकेटं क्षणभर थांबवून, क्रमाने लावून मग वाजवतात. आवार मोठं केलं तर आवाज सरळ येतो पण उशीर वाढतो. एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कानाला जाणवत नाही, असं टेलिफोनचे आंतरराष्ट्रीय मानक सांगतात. त्याच्या फार पुढे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम थांबतात, मग "तू बोल", "नाही, तू बोल". आणि मध्येच माणूस यंत्रमानवासारखा घरघरतो ना? तेव्हा पॅकेट हरवलेलं असतं आणि फोन मागच्या आवाजाचा तुकडा ताणून भोक बुजवत असतो. ठिगळ लावलेलं ऐकू येतं ते.

यावर घरगुती उपाय दोनच. राऊटर कपाटात, फ्रिजमागे किंवा देवघराच्या वर कोंबू नका. आणि महत्त्वाचा फोन चालू असताना पोरांना गेमचं अपडेट लावू देऊ नका. वेग किती "एमबी"चा घेतला याला आवाजाच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. केळीला रुंद रस्ता लागत नाही, न तुंबणारा लागतो.

हे सगळं तसं फार जुनं नाही, फार नवंही नाही. इंटरनेटवरून बोलायचं बाजारातलं पहिलं गाजलेलं सॉफ्टवेअर १९९५ साली व्होकलटेक नावाच्या इस्रायली कंपनीने आणलं. २००३ मध्ये स्काइप आलं आणि परदेशी पोरं असलेल्या घरांत संगणकापुढे बसून बोलायची पद्धत पडली. तेच स्काइप मे २०२५ मध्ये बंदही झालं. आपल्याकडे सरकारने एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी दिली. संगणकावरून संगणकावर बोला, परदेशातल्या फोनवर बोला, पण देशातल्या साध्या फोनला इंटरनेटवरून हात लावायचा नाही. आमच्या बूथला त्या नियमाने काही वर्षं जीवदान मिळालं असेल. व्हॉट्सॲपवर आवाजी कॉल २०१५ मध्ये आले आणि व्हिडिओ २०१६ च्या अखेरीस.

खेड्यात खरा बदल झाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये, जिओ आल्यावर. या कंपनीकडे जुन्या पद्धतीचं टूजी-थ्रीजी जाळं मुळात नव्हतंच. तिचा साधा, नंबर फिरवून केलेला कॉलही पॅकेटांतूनच जायचा. याला व्होल्टे म्हणतात, फोनच्या वरच्या कोपऱ्यात तसं बारीक लिहिलेलं दिसतं. म्हणजे "मला ते इंटरनेटचं काही कळत नाही, मी आपला साधा फोन करतो" असं म्हणणारे काका-मावश्या गेली कित्येक वर्षं इंटरनेटच्याच पद्धतीने बोलताहेत. फरक एवढाच की व्होल्टेच्या पॅकेटांना कंपनी आपल्या जाळ्यात वाट मोकळी करून देते, व्हॉट्सॲपची पॅकेटं गर्दीत धक्के खात जातात. म्हणून गर्दीच्या ठिकाणी साधा कॉल टिकतो आणि ॲपवरचा गचके खातो. आवाजही सुधारला. जुना टेलिफोन ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापूनच टाकायचा, त्यामुळे "स" आणि "फ" सारखेच वाटायचे आणि नावं सांगताना जीव जायचा. आता ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. आई म्हणते, "पोरगी शेजारी बसल्यासारखी वाटते." ते उगाच नाही.

एकदा आवाज पॅकेटात बसला की त्याला तारेची, गावाची, यंत्राची गरज उरत नाही, आणि मग लोक त्याचे काय काय उपयोग काढतात ते बघण्यासारखं आहे.

धाब्याची घरं घ्या. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचं धाबं. उन्हाळ्यात ४५ अंशांतही आत गार, पण मोबाइलचं नेटवर्क उंबऱ्याशीच थबकतं. फोन वाजला की माणूस अंगणात धावतो. अशा घरात फायबर टाकून वायफायवरून कॉल करायची सोय फोनमध्ये चालू करून दिली की साधाच नंबर, साधाच कॉल, पण टॉवरऐवजी घरातल्या राऊटरमधून जातो. आपल्याकडे ही सोय एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये आणली. वेगळे पैसे नाहीत, वेगळं ॲप नाही. सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंगचं बटण असतं. मी दहा घरांत विचारलं तर नऊ घरांत ते बंदच असतं. सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे दऱ्याखोऱ्यांत टॉवरची रेंज डोंगराआड जाते. तिथल्या एखाद्या आश्रमशाळेत किंवा आरोग्य केंद्रात फायबर पोचलं असेल तर हे बटण फार मोलाचं.

मामेभाऊ केळीचा व्यापार फोनवरच करतो. पूर्वी व्यापाऱ्याचा माणूस बागेत आल्याशिवाय भाव ठरत नसे. आता तो सकाळी बागेत उभा राहून व्हिडिओ कॉल लावतो, घडाची फणी हातात धरून बोटाची जाडी दाखवतो, खोडाला कॅमेरा नेतो. पलीकडून "खाली दाखव, खाली" असं चालतं, कारण खालच्या फण्यांतच माल उघडा पडतो. सौदा पक्का होतो असं नाही, माणूस शेवटी येतोच, पण वायाच्या चकरा वाचतात.

दुकानदार आणि दवाखान्यांसाठी आणखी एक सोय आहे, तिला क्लाउड टेलिफोनी म्हणतात. नंबर एक, पण तो कुठल्याच टेबलावरच्या यंत्राला बांधलेला नाही. कंपनीच्या संगणकावर कॉल येतो, "मराठीसाठी १ दाबा" म्हणतो आणि मग जळगावचं दुकान, धुळ्याची शाखा किंवा मालकाचा मोबाइल, जो मोकळा असेल तिथे वाजतो. पूर्वी यासाठी भिंतीला कपाटाएवढं यंत्र लागायचं. जेवण किंवा पार्सल आणणाऱ्या पोराचा फोन येतो आणि नंबर भलताच दिसतो, तेही हेच. मधला संगणक दोघांना जोडतो, दोघांचे खरे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ही सोय बायामुलींच्या दृष्टीने मला सगळ्यात पटते.

डॉक्टरांचं ई-संजीवनी हे सरकारी व्यासपीठही याच पायावर उभं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना लांबच्या डॉक्टरांशी जोडायला सुरू झालं आणि एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत घरबसल्या रुग्णांसाठी खुलं झालं. आणि एक उपयोग माझ्या दुकानातला. आमच्याकडे एक ऐकू न येणारं जोडपं रिचार्जला येतं. ज्या फोनचा त्यांना आयुष्यभर काही उपयोग नव्हता, त्यावर ते आता हातवारे करत मुलाशी भांडतात. ओट्यावर बसून, मनसोक्त.

साध्या नंबरला इंटरनेटवरून फोन करायची देशातली अडचण २०१८ मध्ये सुटली. परवानाधारक कंपन्यांना ॲपवरून साध्या नंबरांवर कॉल द्यायची मोकळीक मिळाली आणि बीएसएनएलने त्याच वर्षी 'विंग्ज' नावाची सेवा आणली. सिमशिवाय, ॲपमध्येच दहा आकडी नंबर. तिचा फार बोलबाला झाला नाही. तोवर सगळ्यांच्या रिचार्जमध्ये बोलणं अमर्याद झालं होतं, तिची गरज कुणाला पडणार?

हे सगळं नानांना सांगून झालं. ते शांतपणे ऐकत होते. मग दोनच शब्द बोलले, "लाईट गयी मंग?"

इथे मी गप्प झालो, कारण यात माझी स्वतःची चूक आहे. जुन्या लँडलाईनला एक्सचेंजकडून तारेतूनच ४८ व्होल्टची वीज यायची. एक्सचेंजला मोठ्या बॅटऱ्या असायच्या. सगळं गाव अंधारात असलं तरी रिसीव्हर उचलला की टोन यायचा. फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. मधल्या खांबांवरच्या डब्यांना वीज लागतही नाही, पण तुमच्या घरातल्या डब्याला लागते. तो बंद, तर फोन बंद.

दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यातली तांब्याची तार काढून मी फायबरवर लँडलाईन दिली. नंबर तोच, आवाज स्वच्छ, डॉक्टर खूश. मे महिन्यात एका रात्री वादळाने लाईट गेली. दवाखान्याला इन्व्हर्टर होता, दिवे-पंखे चालू होते, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही की माझा डबा मी ज्या प्लगला लावलाय तो प्लग इन्व्हर्टरवर नाही. रात्री साडेबाराला एका गावाहून बाळंतपणाची बाई रिक्षातून आली. सोबतचा माणूस दारातच म्हणाला, "तासापासून फोन लावतोय, लागतच नाही." बाई आणि बाळ दोघं सुखरूप होती, पण डॉक्टरांनी सकाळी मला बोलावून जे ऐकवलं ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी फोनची जोडणी दिली की राऊटरसाठीचा छोटा यूपीएस सोबत लावतो. तो तीन-चार तास खेचतो. आणि निघण्याआधी मालकासमोर मेन स्विच पाडतो, माझ्या मोबाइलवरून त्यांचा नंबर लावतो आणि वाजल्याशिवाय सही घेत नाही. तुमच्याकडे कुणी जोडणी देऊन गेलं असेल तर आज रात्री तुम्हीही करून बघा. आणखी एक: ११२ हा तातडीचा नंबर फोनच्या नेहमीच्या डायलरवरूनच लावायचा, व्हॉट्सॲपवरून तो लागत नाही.

राहिली फसवणूक. पूर्वी नंबर म्हणजे पत्ता होता. ०२५७ दिसलं की जळगाव, ०२५६२ दिसलं की धुळे. तार जमिनीत पुरलेली होती, खोटं बोलायला जागा नव्हती. आता नंबर हा पॅकेटासोबत जाणारा मजकूर आहे. परदेशातून इंटरनेटने आलेला कॉल ९१ने सुरू होणारा भारतीय नंबर दाखवत येऊ शकतो. अशा कॉलना अडवणारी यंत्रणा सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली. दुसरी युक्ती सिम बॉक्सची. एखाद्या खोलीत शेकडो सिम लावलेला डबा ठेवतात, परदेशातले कॉल इंटरनेटने त्या डब्यात उतरवतात आणि तिथून साध्या देशी कॉलसारखे पुढे सोडतात. तुम्हाला दिसतो तो त्या डब्यातल्या सिमचा नंबर. व्हॉट्सॲपवर तर नंबर नोंदवला कुठे आणि बोलणारा बसलाय कुठे याचा काही संबंध नसतो. वर्दीतला फोटो लावायला तर काहीच लागत नाही.

यातूनच ते 'डिजिटल अरेस्ट' निघालं. व्हिडिओवर पोलीस, मागे ठाण्यासारखी भिंत, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, कॅमेऱ्यापुढून हलू नका, पैसे "तपासणीसाठी" भरा. अशी अटक कायद्यात कुठेच नाही. २७ ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. पैसे गेले नसतील, नुसता संशयास्पद फोन आला असेल, तर सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर 'चक्षू'मध्ये तक्रार नोंदवता येते.

नानांना असा फोन दिवाळीनंतर आला. मी दुकानाच्या आत होतो, बाहेरून हिंदी ऐकू येत होतं. मुंबईहून बोलतोय, तुमच्या आधारवर गुन्हा आहे, वगैरे. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या ठाण्याचा लँडलाईन नंबर सांगा. ०२२च्या पुढचे आठ आकडे. तुम्ही ठेवा, मीच उलट लावतो." तिकडून आवाज चढला. नानांनी पुन्हा तेच विचारलं. बूथमध्ये कुणी पैसे न देता पळून जायला बघितलं की जो आवाज लागायचा, तोच. फोन तिकडूनच कट झाला.

मग त्यांनी खिशातली डायरी काढली आणि जुन्या सवयीने लिहिलं: तारीख, वेळ, २ मिनिटं ४० सेकंद.